दोन तासांची सवड : साठीनंतर विधी प्रवेश परीक्षा आणि सराव चाचण्यांचे वेळापत्रक

ज्यांच्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, त्यांना दोन तास म्हणजे किती हे वेगळे सांगावे लागत नाही. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, पाठ, माकडहाड, टाचा नजरेखालून घालायच्या, चादरीची सुरकुती काढायची. शय्याव्रण होऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी घालून दिलेला हा नेम घरातील घड्याळच होऊन बसतो. योगायोग असा, की महाराष्ट्रातील विधी अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षाही दोनच तासांची असते.

एक घर डोळ्यांसमोर आणू या. कसबा पेठेत, तांबट आळीच्या अंगाला एक जुना वाडा आहे. दिवस उजाडला की तांब्यावर पडणारे ठोके थेट माडीपर्यंत ऐकू येतात. माडीवर राहणाऱ्या बाई एकसष्ट वर्षांच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. यजमान पक्षाघातानंतर अंथरुणावर. मुलगा नोकरीसाठी सकाळी बाहेर पडतो, तो दिवेलागणीनंतर परततो. गेल्या दोन वर्षांत वाड्याच्या पुनर्विकासाचे करारपत्र, भाडेकरूंच्या हक्कांचा वाद, यजमानांच्या सहीवाचून अडलेले व्यवहार असे एकामागून एक कागद दारात आले. प्रत्येक वेळी दुसऱ्याने समजावून सांगेपर्यंत थांबावे लागले. अखेर बाईंनी मनाशी ठरवले, की हे शास्त्र आपणच शिकावे.

हे घर कल्पनेतले आहे. परंतु आपल्यापैकी काहींना ते ओळखीचे वाटेल. अशा घरातून ही परीक्षा द्यायची असेल, तर सराव चाचण्यांचे वेळापत्रक कसे आखावे, याचा विचार या लेखात करू. कोचिंग वर्गांची तयार वेळापत्रके विशीतल्या, जबाबदारीतून मोकळ्या मुलांसाठी केलेली असतात. ती जशीच्या तशी उचलली, तर प्रकृती तरी बिघडते किंवा रुग्णाकडे तरी दुर्लक्ष होते.

आधी परीक्षेची ओळख

पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या एलएल. बी. अभ्यासक्रमासाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष ही परीक्षा घेतो. तिला वयाची वरची मर्यादा नाही. खुल्या प्रवर्गासाठी पदवीला किमान ४५ टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांना सवलत आहे. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या, डेक्कन परिसरातील आयएलएस विधी महाविद्यालयात प्रवेश घ्यायचा असला, तरी वाट याच परीक्षेतून जाते.

परीक्षा संगणकावर होते. २०२५ मध्ये तिची प्रश्नसंख्या १५० वरून १२० वर आली. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी इंग्रजीचे ४०, सामान्य ज्ञान व चालू घडामोडींचे ३२, कायदेविषयक अभियोग्यतेचे २४ आणि तर्कशक्तीचे २४ प्रश्न अशी विभागणी आहे. म्हणजे सरासरी प्रश्नाला एक मिनिट. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. इंग्रजीचा विभाग वगळता प्रश्न मराठीतूनही वाचता येतात. नियम बदलू शकतात, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी.

चाचणी ही तपासणी, निकाल नव्हे

ज्येष्ठांची नेहमीची चूक अशी, की ‘आधी सगळे वाचून होऊ दे, मग चाचणी देऊ’ म्हणून ती पुढे ढकलली जाते. १८८५ मध्ये हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवर प्रयोग करून दाखवले, की पाठ केलेले सर्वाधिक विस्मरण पहिल्या काही तासांत आणि दिवसांत होते. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना दोन उतारे दिले. एक उतारा त्यांनी पुन्हा वाचला, दुसरा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले, तेव्हा पुन्हा वाचलेला उतारा किंचित अधिक आठवला. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिलेल्या उताऱ्यातील सुमारे ५६ टक्के आणि केवळ पुन्हा वाचलेल्या उताऱ्यातील सुमारे ४२ टक्के मजकूर आठवला. हा प्रयोग तरुणांवरचा होता. तरी त्यातील तत्त्व आपल्याही उपयोगाचे आहे : आठवण्याचा प्रयत्न हाच अभ्यास असतो.

वय वाढले की माहिती हाताळण्याचा वेग मंदावतो. शब्दसंग्रह, अनुभवातून आलेली समज आणि वाक्याचा मथितार्थ पकडण्याची क्षमता मात्र पुष्कळ काळ टिकते. या परीक्षेत भाषेचा आणि विवेकाचा वाटा मोठा आहे, ही आपली जमेची बाजू. वेग ही उणी बाजू, आणि सराव चाचण्या प्रामुख्याने तिच्यासाठीच आहेत. रक्तातील साखर तपासल्यावर जसा आकडा पाहून आपण आहार आणि औषधाचा विचार करतो, तसेच चाचणीच्या गुणांकडे पाहावे. आकड्यावर रागावून कोणाची साखर उतरत नाही.

बारा आठवड्यांचा आराखडा

परीक्षा अलीकडे मार्च ते मे या काळात होत आली आहे. तारखेपासून उलटे मोजत बारा आठवडे मागे जावे आणि तेथून सुरुवात करावी.

पहिला आठवडा : तयारी झालेली नसतानाच एक पूर्ण चाचणी द्यावी. गुण कोणाला सांगू नयेत. कोणत्या विभागात किती वेळ गेला आणि कितव्या प्रश्नानंतर लक्ष विचलित होऊ लागले, एवढेच टिपावे.

दुसरा ते पाचवा आठवडा : आठवड्यातून दोनदा, एकेका विभागाची छोटी चाचणी. २४ प्रश्नांना २४ मिनिटे, ४० प्रश्नांना ४० मिनिटे. इतकी सवड रुग्णाची दुपारची झोप लागल्यावरही मिळू शकते. तिसऱ्या आणि पाचव्या आठवड्याच्या अखेरीस एकेक पूर्ण चाचणी.

सहावा ते नववा आठवडा : दर आठवड्याला एक पूर्ण चाचणी, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. मुलगा किंवा सून घरी असेल तो वार निवडावा.

दहावा आणि अकरावा आठवडा : आठवड्याला दोन पूर्ण चाचण्या. दोहोंमध्ये किमान दोन दिवसांचे अंतर हवेच.

बारावा आठवडा : परीक्षेच्या पाच दिवस आधी शेवटची चाचणी. त्यानंतर फक्त चुकांची वही वाचावी आणि पुरेशी झोप घ्यावी.

एकूण पूर्ण चाचण्या बारा होतात. शेजारचा मुलगा पन्नास चाचण्या सोडवतो, हे ऐकून संख्या वाढवू नये. प्रत्येक चाचणीचे दोन तास आणि तिच्या परीक्षणाचे चार तास धरले, तर बारा चाचण्यांचे बहात्तर तास होतात. रुग्णसेवा सांभाळून तीन महिन्यांत एवढे पुरे आहे. परीक्षणाविना दिलेली चाचणी म्हणजे तपासणी करून अहवाल न आणण्यासारखे आहे.

एखादा आठवडा हातचा जाणारच. रुग्णाला ताप येईल, मदतनीस रजेवर जाईल. म्हणून सातवा किंवा आठवा यांपैकी एक आठवडा मनातल्या मनात मोकळा धरावा. चुकलेली चाचणी पुढच्या आठवड्यात दाटीवाटीने घालू नये, ती सोडून द्यावी.

चुकांची वही

परीक्षण चाचणीच्याच दिवशी करू नये. मेंदू दमलेला असतो आणि मन गुणांत अडकलेले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी, तासा-तासाच्या तुकड्यांनी करावे. वहीत प्रत्येक चुकीपुढे तिचे कारण लिहावे : माहीत नव्हते, प्रश्न वाचण्यात गल्लत झाली, वेळ पुरला नाही, की उत्तर ठाऊक असून भलत्याच पर्यायावर टिचकी पडली. पहिल्या कारणावर वाचन, दुसऱ्यावर सावकाश वाचण्याची सवय, तिसऱ्यावर प्रश्न सोडून पुढे जाण्याचा सराव आणि चौथ्यावर माउसचा सराव, असे प्रत्येकाचे औषध निराळे आहे. आयुष्यभर कागदावर परीक्षा दिलेल्यांची चौथ्या प्रकारची चूक बरीच होते, आणि ती सर्वांत लवकर सुधारते.

याच वहीत आणखी एक ओळ ठेवावी : रात्री किती तास झोप झाली, कितीदा उठावे लागले, चाचणीपूर्वी काय खाल्ले, रक्तदाब वा साखर मोजली असल्यास किती होती. सहा-सात चाचण्यांनंतर ही ओळ खूप काही सांगते. गुण घसरलेल्या दिवशी अभ्यास कमी पडला होता, की रात्री चार वेळा उठून कूस बदलावी लागली होती, हे तेथे स्पष्ट दिसते. त्या दिवशीच्या गुणांवरून स्वतःच्या बुद्धीविषयी मत बनवणे अन्यायाचे ठरेल.

वेळ, डोळे आणि पोट

वाढत्या वयात बहुतेकांची बुद्धी सकाळी अधिक तरतरीत असते. सिंथिया मे, लिन हॅशर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ज्येष्ठांची स्मरणशक्ती सकाळी चांगली आणि दुपारनंतर उतरती आढळली, तरुणांत याच्या उलट. म्हणून आरंभीच्या चाचण्या सकाळीच द्याव्यात. प्रवेशपत्रावर मात्र दुपारचे सत्र येऊ शकते. त्यामुळे शेवटच्या पाच चाचण्यांपैकी किमान दोन दुपारी द्याव्यात, आणि त्या दिवशीचे जेवण हलके ठेवावे. घर शांत झाल्यावर रात्री दहानंतर चाचणी देण्याचा मोह होतो, तो आवरावा. शिकलेले पक्के होण्यासाठी झोप लागते, आणि तुटक झोपेवर दिवस काढणाऱ्या शुश्रूषाकर्त्याने उरलेली झोपही चाचणीला वाहू नये.

चष्म्याचा प्रश्न अनेकांच्या ध्यानातच येत नाही. वाचनाचा चष्मा साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर अंतरासाठी दिलेला असतो, संगणकाचा पडदा मात्र ५० ते ६५ सेंटिमीटर दूर असतो. त्यामुळे मान पुढे जाते किंवा, द्विनाभी चष्मा असल्यास, हनुवटी वर करून वाचावे लागते. दोन तासांनी मान आखडते आणि दोष मात्र अभ्यासाला दिला जातो. नेत्रतज्ज्ञांना पडद्याचे अंतर सांगून चष्मा तपासून घ्यावा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबणीवर पडली असेल, तर तीही तारीख आराखड्यात धरावी. चाचणी चालू असताना दर वीस मिनिटांनी नजर क्षणभर दूरवर न्यावी आणि पापण्यांची उघडझाप करावी.

मधुमेहींनी, विशेषतः इन्सुलिन किंवा साखर फार उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, उपाशीपोटी किंवा जेवणाची वेळ चुकवून चाचणीस बसू नये. घाम, हाताला कंप, धडधड, अचानक गोंधळल्यासारखे वाटणे ही साखर उतरल्याची लक्षणे परीक्षेच्या धास्तीसारखीच भासतात, आणि तेथेच घात होतो. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली असल्यास तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी आणि त्या दिवशीची चाचणी सोडून द्यावी. लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या गोळ्या किंवा गुंगी आणणारी सर्दीची औषधे चालू असतील, तर त्यांच्या वेळेविषयी डॉक्टरांना आधीच विचारावे. परीक्षेपायी स्वतःच्या मनाने औषध पुढे-मागे करू नये किंवा पाणी पिणे कमी करू नये. पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते अंगाशी येते.

घरालाही सराव हवा

या वेळापत्रकाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आता येतो. शुश्रूषाकर्त्याने चाचणी दिली, की केवळ त्याचाच सराव होत नाही. त्याच्या अनुपस्थितीचा सराव घरालाही होतो.

परीक्षा दोन तासांची असली, तरी केंद्रावर जाणे, ओळख पटवणे आणि परतणे धरून घराबाहेर चार-पाच तास जातात. एवढा वेळ रुग्णाजवळ कोण बसणार, याचा विचार प्रवेशपत्र आल्यावर करणे हा मोठा धोका आहे. म्हणून चाचण्यांबरोबर अंतरही हळूहळू वाढवावे. आरंभीच्या पूर्ण चाचण्या दुसऱ्या खोलीत, दार लोटून द्याव्यात, त्या वेळी रुग्णाजवळ घरचे माणूस असावे. सहाव्या आठवड्यापासून शेजारच्या वहिनी किंवा दिवसाच्या मावशी यांच्याकडे जबाबदारी सोपवावी, आणि अगदी गरज पडल्याखेरीज मध्ये उठू नये. दहाव्या आठवड्यापासून चाचणी घराबाहेर, एखाद्या अभ्यासिकेत किंवा नातलगाकडे द्यावी. पेठांमधील अभ्यासिकांत बहुतेक मुले नातवंडांच्या वयाची असतात. पहिल्या दिवशी संकोच वाटेल, तिसऱ्या दिवशी तीच मुले पडद्यावरची अक्षरे मोठी कशी करायची ते दाखवतील.

मागे राहणाऱ्या माणसासाठी एका पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे : कूस कोणत्या वेळी आणि कोणत्या बाजूस बदलायची, पाणी किती व कसे पाजायचे, गिळताना ठसका लागत असल्यास कसे बसवायचे, कोणते औषध केव्हा द्यायचे, डॉक्टरांचा आणि रुग्णवाहिकेचा (१०८) क्रमांक. प्रत्येक चाचणीनंतर मदतनीसाला विचारावे, ‘कुठे अडले?’ आणि त्या पानात भर घालावी. हीसुद्धा चुकांची वहीच आहे, आणि परीक्षा झाल्यावरही ती उपयोगी पडते.

रुग्णालाही सांगावे. बोलता येत नसले, तरी पुष्कळदा समजत असते. ‘मी दोन तासांनी येते’ असे सांगून जाणे आणि दोन तासांनी खरोखर समोर उभे राहणे, यातून त्याची धास्ती कमी होते.

घरातील तरुणांना एक विनंती. आई परीक्षेला बसते आहे, याचे कौतुक व्हावेच, परंतु ते शब्दांपुरते राहू नये. आठवड्यातून एक सकाळ पूर्णपणे आपल्या अंगावर घ्यावी. मध्येच ‘डबा कुठे ठेवलास’ असे विचारायला दार उघडू नये. गुण विचारण्याआधी जेवण झाले का, हे विचारावे.

तांबट आळीतल्यासारखे आवाज कानांवर पडत असतील, तर खिडक्या लावून घेण्याची धडपड करू नये. परीक्षा केंद्रातही खुर्च्या सरकतात, कळफलक वाजतात, कोणी खोकते. दोन-चार चाचण्या आवाजात दिलेल्या बऱ्या.

केव्हा थांबावे

चाचणीत कमी गुण मिळणे म्हणजे स्मृतिभ्रंशाची सुरुवात नव्हे. परंतु चाचणीबाहेरही नेहमीचे रस्ते, माणसांची नावे, गॅस बंद करणे यांत नव्याने गोंधळ होऊ लागला, मन सतत उदास राहिले, किंवा झोप आणि भूक हरपली, तर डॉक्टरांना भेटावे. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचा विकार, नैराश्य अशी उपचार होण्याजोगी कारणे अनेकदा यामागे असतात. दीर्घकाळ शुश्रूषा करणाऱ्यांनी तर ही तपासणी परीक्षा असो वा नसो करून घ्यावी. छातीत दुखणे, एका बाजूचा हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काही झाल्यास चाचणी अर्धवट टाकून तत्काळ रुग्णालय गाठावे.

एक गोष्ट आधीच तोलून पाहावी. प्रवेश मिळाला, तर पुढे तीन वर्षांचा नियमित अभ्यासक्रम आहे. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांत ७० टक्के उपस्थितीची अट आहे आणि दूरशिक्षणाने घेतलेली कायद्याची पदवी वकिलीसाठी चालत नाही. दर आठवड्याला दोन तास मिळवतानाच घर मेटाकुटीला येत असेल, तर रोजच्या वर्गांचे काय, हा प्रश्न चाचण्यांच्या काळातच घरात बसून बोलावा. कदाचित पूर्णवेळ मदतनीस ठेवावी लागेल, कदाचित एक वर्ष थांबावे लागेल. थांबण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतला, तर तो पराभव ठरत नाही.

आपल्या त्या माडीवरच्या बाईंचे पुढे काय होईल, हे सांगता येणार नाही. त्यांना प्रवेश मिळेल किंवा न मिळेल. परंतु बारा आठवडे हे वेळापत्रक पाळले, तर दोन गोष्टी त्यांच्या हाती निश्चित लागतील. करारपत्र समोर आल्यावर ते स्वतः वाचण्याची हिंमत त्यांना येईल. आणि आठवड्यातून दोन तास त्या दाराबाहेर गेल्या, तरी यजमानांची कूस वेळेवर बदलली जाईल, इतके त्यांचे घर तयार झालेले असेल. ही दुसरी गोष्ट आपल्या घरी अजून साधली नसेल, तर परीक्षा द्यायची असो वा नसो, या आठवड्यात त्या दोन तासांपासून सुरुवात करावी.